नर्मदाक्का आणि दोन वाजताची मालिका

मी तोंडाची फटकळ आहे, हे माझी सासू मरेपर्यंत सांगत होती आणि ते खरं आहे. तरीही नणंदेबद्दल चार लोकांत बोलायची माझी ही पहिलीच वेळ. तिला विचारून बोलत नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "सांग, माका काय." हल्ली ती सगळ्यालाच असं म्हणते. जेवायला वाढू का, तरी तेच. सांडग्या मिरच्या जळल्या, तरी तेच.

नर्मदा तिचं नाव. माझ्या नवऱ्याची, निलेशची, थोरली बहीण. वय बावन्न, लग्न नाही, जामसंड्यात आमच्याबरोबरच राहते. सकाळी आठ ते एक काजूच्या कारखान्यात बसून काजूगराची साल काढते. घरी येऊन दोन घास खाते आणि दीड वाजला की सुभद्राकाकींकडे जाते. त्यांचं आंघोळीचं पाणी, औषधं, भांडी, केस विंचरणं, सगळं हिच्याकडे. पाचला परत. पाऊस असो, ताप असो, सणवार असो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच बघते आहे. एकदा हिला चिकनगुनिया झाला होता, तरी भिंतीला धरून गेली. मी म्हटलं, पगार देतात काय त्या तुला? तर म्हणाली, "गप रव." पगार कसला, डोंबलाचा. एक पै नाही.

सुभद्राकाकी म्हणजे गंगारामशेटची बायको. शेट दहा वर्षं मुंबईत एका मोठ्या दुकानात कापडाच्या काउंटरवर होते. तिथून डोक्यात घेऊन आले की सुईपासून सायकलीपर्यंत सगळं एका छपराखाली मिळालं पाहिजे, आणि तेसुद्धा जामसंड्यात. शहाऐंशी साली त्यांनी दोन मजली दुकान उघडलं. काचेचा दरवाजा, एकच भाव, घासाघीस नाही. पाटीवर लिहून घेतलं, "गंगाराम अँड सन्स". लग्नाला दहा वर्षं झालेली, मूल नाही. सन्स खंय आसत, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "येतले. घाय कित्याक?" ते काही आले नाहीत. दुकान मात्र असं चाललं की लोक नुसते बघायला यायचे. काचेमागे साडी नेसवलेली प्लास्टरची बाई उभी असायची. लेकीकडे आलेल्या वालावलच्या एका म्हातारीने तिला विचारलं म्हणे, "गो बाय, परकर खंय गावतत?" आणि ती बोलेना तेव्हा "शिष्ट मेली" म्हणून तोंड फिरवून निघून गेली.

आक्का एकोणिसाव्या वर्षी त्या दुकानात लागली, कापडाच्या काउंटरला. हाताने मापून दिलं तर फूटपट्टी लागायची नाही अशी तिची वीत. शेटचा तिच्यावर विश्वास, म्हणून देवाच्या फळीचं कामही तिच्याकडे. कापडाच्या ठाणांच्या बाजूला ती फळी होती. आता मला जे ठाऊक आहे ते मी आधीच सांगून टाकते, कोड्यात बोलायची मला सवय नाही.

आमच्याकडे देवाचा दिवा फुंकून विझवत नाहीत आणि हाताने मालवतही नाहीत. तेल बेताचं घालायचं, म्हणजे तो आपला आपण शांत होतो. दुकान आठला उघडायचं, दिवा लागायचा, अकरापर्यंत निवायचा. एकला शटर ओढून सगळे जेवायला जायचे ते चारला परत. अठ्ठ्याण्णव साली चतुर्थीच्या आठवडाभर आधी, मुंबईकर उतरायला लागलेले, सकाळपासून काउंटरवर झुंबड, आणि आक्काला दिव्याची आठवण झाली ती बारा वाजता. देवाला उपाशी ठेवलं असं वाटलं तिला. अपराधी मनाने घाईत बाटली उपडी केली आणि दिवा काठोकाठ भरला. फळीला लागूनच थर्मोकोलची मखरं रचलेली होती, त्यांच्यावर कागदाच्या झालरी. एकला दुकान बंद झालं. तीनला धूर दिसला. माणसं बादल्या घेऊन धावली तोवर वरचा मजला खाली आला होता.

पंचनाम्यात वायरिंग असं लिहिलं गेलं. आक्का कोणाला काही बोलली नाही. पंचवीस वर्षांची पोर, घाबरली. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची वेळच निघून गेली. लोकांना मात्र बोलायला काहीतरी हवं होतं. "शेटान सोताच पेटवल्यान, विम्यासाठी." विम्याचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही आणि तो माझा विषयही नाही. पण ज्या माणसाला बघून लोक हात जोडायचे, त्याच्या पाठीमागे ते आता डोळे मिचकावायला लागले. शेटने दुकान पुन्हा बांधलं नाही. जागा विकली, आणि घराच्या पडवीत आरामखुर्ची टाकून बसले ते बसलेच. पाच वर्षांनी त्यांची एक बाजू गेली. पुढची सहा वर्षं आक्काने त्यांना उचललं, पुसलं, भरवलं. ते गेले, मग काकींचं करायला लागली.

मधल्या काळात हिला एक स्थळ आलं होतं. कणकवलीकडचा शाळामास्तर, निर्व्यसनी, हिला बघून गेल्यावर वर्षभर थांबला. मी नवी नवरी, घरात तीच चर्चा. सासूने डोकं आपटून घेतलं, पण ही म्हणाली, काकींक कोण बघतला? तेव्हा मला वाटलं, काय भली बाई. आता कळतं की भलेपणा वगैरे काही नव्हतं. ती फेडत होती. आणि त्या घरात जाता-येता तिला एकच धास्ती असायची: काकींना दिव्याचं कळलं तर? कळलं तर त्या उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत, आणि मग फेडायचं कुठे? हे तिने मला परवा सांगितलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

तर यंदा मार्चमध्ये टीव्हीवर ती मालिका सुरू झाली, 'वैभव एम्पोरियम'. जुन्या काळातली, गिरगावातली. बापूसाहेब नावाचा मोठा दुकानदार, चांदीच्या मुठीची काठी, आणि त्याचा कसा ऱ्हास होतो त्याची गोष्ट. मी कपडे शिवणारी बाई, माझं लक्ष आधी ब्लाऊजांवर. साठ सालातल्या बायकांच्या पाठीला एवढा मोठा गळा कोण शिवत होतं? आणि दुकानातल्या पोरी सकाळी सात वाजता जरीच्या साड्या नेसून कापड मोजतात. पण गाव वेडं झालं, कारण पाट्यांमध्ये लेखक म्हणून सर्वेशचं नाव यायचं. सर्वेश म्हणजे काकींच्या बहिणीचा मुलगा, मुंबईत मालिका लिहितो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आठ दिवस आंबे खायला आला होता आणि मावशीसमोर फोन ठेवून तिला बोलतं करत होता. आम्हाला वाटलं, मुलाला मावशीची माया आहे. ती माया किती भागांची होती ते आता समजलं.

"ही आमच्या गंगारामशेटचीच गजाल," असं जो तो म्हणायला लागला. बापूसाहेबांना मूल नाही. बापूसाहेबांच्या दुकानात काचेमागे प्लास्टरची बाई. ज्यांनी शेटला चोर ठरवलं होतं, तेच आता बापूसाहेबांसाठी डोळे पुसत होते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काकी खूश होत्या. संध्याकाळी आठलाच त्या झोपतात, म्हणून दुपारी दोन वाजता पुन्हा दाखवतात तेव्हा बघायच्या. शेजारी आक्का, खाली बसून काहीतरी निवडत, सोलत. मला ती घरी येऊन कधी त्याबद्दल बोलली नाही. मीच विचारायची, कसो झालो भाग? "बरो," म्हणायची.

मे महिन्याच्या शेवटी एक दिवस मी शिवायला घेतलेलं ब्लाऊज काकींच्या अंगावर घालून बघायला म्हणून दुपारची तिकडे गेले. आदल्या संध्याकाळी गावात वीज नव्हती, त्यामुळे तो भाग कोणीच बघितला नव्हता. काकी पलंगावर उशीला टेकून, आक्का जमिनीवर फणसाच्या आठळ्या सोलत. मी टाचण्या तोंडात धरून उभी.

पडद्यावर बापूसाहेबांच्या दुकानात गर्दी. मालती नावाची कापडाच्या काउंटरची पोरगी. तिला दुपारी आठवतं की देवाचा दिवा राहिला. ती बाटली घेते आणि दिव्यात तेल ओतते, ओतते, काठापर्यंत. मग कॅमेरा बाजूच्या कागदी मखरांवर जातो. दुकान बंद होतं. आत नुसता दिवा. जाहिरात लागली.

"काय तरी दाखवतत," मी टाचण्या काढून म्हटलं. "शेटांचा दुकान वायरिंगान जळला. ह्येंका दिवो बरो गावलो."

आक्काने हातातली आठळी सोलून टोपात टाकली. दुसरी घेतली, तीही सोलली. मग टीव्हीकडे बघतच तिने विचारलं, "काकीनू, सर्वेशाक दिव्याचा कोणी सांगल्यान?"

काकींनी रिमोट शोधला आणि आवाज बंद केला.

"मीच सांगलंय," त्या म्हणाल्या.

"तुमका कोणी सांगल्यान?"

"शेटांनी."

मला काही कळेना. मी एकदा हिच्याकडे बघते, एकदा तिच्याकडे. आक्का आठळीचं साल नखाने ओढत होती. काकी अगदी भाजीबद्दल बोलावं तशा बोलायला लागल्या. "त्या दिवशी ते जेवूक बसले आनी म्हणाले, आज नर्मदेन दिवो काठोकाठ भरल्यान हा, चार वाजापर्यंत तेवतलो. शटर ओढताना त्यांका दिसलो."

"आणि त्यांनी मालवूक नाय?" मी मध्येच तोंड घातलं.

"देवाचो दिवो कोण मालवता गो?" काकी म्हणाल्या. "जेवले, पडले. तीन वाजता हाका इल्यो. पंचनाम्याक वायरिंग म्हणान त्यांनीच सांगल्यानी. घरी येवन माका म्हणाले, ह्या तोंडातून भायर काढू नको. नर्मदा जीवाचा काय तरी करून घेयत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पलंगाच्या कडेवर बसले. टाचणी मांडीत घुसली तेही नंतर कळलं.

"लोक त्यांका चोर म्हणा होते," आक्का म्हणाली.

"म्हणा होते. त्यांनी ऐकून घेतल्यानी."

"ते जावन सोळा वर्षां झाली," आक्का म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही. "मगे तरी माका कित्याक सांगूक नाय?"

काकींना खोटं बोलता आलं असतं. विसरले म्हणता आलं असतं, पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला ते शोभूनही दिसलं असतं. पण त्या खरं बोलल्या, आणि त्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

"सांगलेला असता तर तुजो जीव हलको झालो असतो," त्या म्हणाल्या. "मग तू हय कित्याक इलं असतंस? तुका वाटा होता, तुजी एकटीची चूक. म्हणान तू येय होतंस. माका ता म्हायत होता. माज्याकडे दुसरा कोण होता, तू सांग."

जाहिराती संपल्या होत्या. पडद्यावर बापूसाहेब राखेत बसून तोंड उघडून रडत होते आणि आवाज बंद होता. आम्ही तिघी बघत बसलो. मला वाटलं, आता आक्का उठेल. टोप लाथाडेल, निदान रडेल तरी. तिने उरलेल्या आठळ्या सोलल्या, हात धुतले, तीनची गोळी काढली, पाण्याचा पेला काकींच्या हातात दिला. काकींनी गोळी घेतली. मी मुद्दाम पाचपर्यंत तिथे बसले. एकदाही कोणाचा आवाज वाढला नाही. ब्लाऊजच्या टाचण्या तशाच राहिल्या, त्या आक्कानेच काकींच्या अंगावरून एकेक काढल्या.

रस्त्यात मला हुंदका आवरेना. "तू चिडत कित्याक नाय?" मी तिला विचारलं. "मी असतंय तर त्या म्हातारीचा घर डोक्यार घेतला असता."

"माका काय वाटतच नाय," ती म्हणाली. "वाटाक व्हया, ता कळता. पण वाटत नाय."

"त्या मास्तराचा तरी वाटू दी. वर्षभर रवललो बिचारो."

"तो गेल्या साली रिटायर झालो. बँकेत दिसललो." मग दोन पावलं चालून म्हणाली, "केस सगळे गेले."

मग तिने मला तो सगळा दिवस सांगितला, बाटली, घाई, मखरं, ती धास्ती. जसं काही दुसऱ्याचं सांगते आहे. आमचं घर आलं तेव्हा सांगून झालं होतं. तिने चपला काढल्या, पाय धुतले आणि भात टाकला.

गावाचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी शेजारची हौसाबाई कुंपणापाशी आलीच. "ती मालती म्हंजे आमची नर्मदाच ना?" मी तिला चांगली भादरणार होते, पण आक्का आतून आली आणि म्हणाली, "व्हय, मीच." हौसाबाईचं तोंड बघण्यासारखं झालं. कारखान्यातही बायकांनी विचारलं, तिथेही हिने होय म्हणून सांगितलं. दोन दिवस कुजबूज झाली. तिसऱ्या दिवशी मालिकेत बापूसाहेबांची कोर्टकेस सुरू झाली आणि गाव त्या वकिलाच्या मागे लागलं. ज्या गोष्टीसाठी हिने सत्तावीस वर्षं झोप घालवली, ती गावाला दोन दिवस पुरली.

त्या दुपारनंतर आक्का काकींकडे गेली नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, थोबाडीत मारल्यासारखं झालं म्हातारीला. काकींचा फोन आला नाही, निरोपही आला नाही. काकींना शेजारची कोणी बाई डबा देते असं ऐकलं. मी आक्काला म्हटलं, माझ्या माहेरी पिंगुळीला चल, चार दिवस राहू, माझी वहिनी तुला हातावर झेलील. "बघया," म्हणाली. मी तिला नवी मॅक्सी शिवली. घातली. निलेशने तिच्या खोलीत पंखा बसवून दिला. त्याखाली झोपली.

पण दीड वाजला की ती ओटीवर येऊन बसायची. हात मांडीत, तोंड रस्त्याकडे. टीव्ही लाव म्हटलं तर नको. निवडायला तांदूळ दिले तर निवडून द्यायची आणि पुन्हा तशीच. पाच वाजले की उठायची. मी मशीनवर बसून तिला बघायची आणि मला काकींचा नव्याने राग यायचा, त्या बाईने नुसती वर्षं खाल्ली नाहीत, दुपारसुद्धा खाल्ली.

आठव्या दिवशी दीड वाजता आक्काने मॅक्सी बदलून साडी नेसली आणि पायात चपला घातल्या.

"खंय?" मी विचारलं.

"काकींकडे."

मी मशीन थांबवलं. मला जे जे येत होतं ते सगळं बोलले. म्हटलं, शेटांनी तुझ्यासाठी बदनामी सोसली ते ठीक, त्यांना हात जोड. पण ह्या बाईने तुला बांधून ठेवलं. तुझं काहीही देणं उरलेलं नाही, कधी नव्हतंच, शेटांनाही दिवा दिसला होता. तिला ठाऊक होतं आणि तिने तुला तसंच झिजू दिलं. तिने तुझं आयुष्य खाल्लं.

"व्हय," आक्का म्हणाली.

"मगे कित्याक जातंस?"

तिने उंबऱ्यापाशी उभं राहून विचार केला. रागाने नाही, रडवेली होऊनही नाही. दुकानात गिऱ्हाइकाने दोन कापडं पुढे टाकून कोणतं घेऊ विचारावं, तसं तिने मला विचारलं.

"आठ दिस हय बसलंय," ती म्हणाली. "हय बसान काय करूचा असता, ता माका म्हायत नाय. तू सांग विनीता, मी खंय जाव?"

ती खरोखरच उत्तरासाठी थांबली होती. मग घड्याळात पावणेदोन झाले आणि ती गेली.